कापूस पांढरा निघेपर्यंत

श्रावणात शेजारच्या इमारतीत सत्यनारायण होता. कथा तिसऱ्या अध्यायावर आली आणि माझ्या खुर्चीखालून एक करडं मांजर निघालं. मी कधी वाकले, कधी त्याला उचलून मांडीवर उताणं केलं आणि कधी त्याच्या हनुवटीचे केस उलटे फिरवून बघायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. हनुवटीवर काळे बारीक ठिपके होते, रवा करपल्यासारखे. "याला प्लास्टिकच्या वाटीत खायला देता का हो?" मी यजमानीणबाईंना विचारलं. हळूच विचारलं अशी माझी समजूत होती. गुरुजी वाचायचे थांबले. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी येताना जिन्यात हे म्हणाले, "अगं, तू दवाखाना बंद केलायस. मांजरांना कुणी कळवलं नाही वाटतं."

वाटी प्लास्टिकचीच होती, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ती बाई स्टीलची वाटी आणल्याचं सांगायला आमच्या दारात आली. प्लास्टिकने मांजराच्या हनुवटीवर असं पुरळ येतं. वाटी बदलली की ते जातंच असं नाही, पण बऱ्याचदा कमी होतं.

ही माझी खोड मी कौतुकाने सांगत नाहीये. कुणाच्याही घरी गेले की माझे हात आधी मांजर शोधतात. रस्त्यात भिंतीवर पांढरं मांजर दिसलं की मी रिक्षा थांबवायला सांगते. या सगळ्याला एक कारण आहे आणि ते सांगायलाच आज लिहायला बसलेय. सकाळपासून चारदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा फोन बघायला, दोनदा उगीचच.

मी खरी गुरांची डॉक्टर. नोकरीची वर्षं सरकारी दवाखान्यांत गेली, आधी कोडोलीला, मग कागलला. म्हशी, गायी, बैल. म्हशीचं दुखणं लपत नाही. सकाळी दूध एका तांब्याने कमी आलं, की दुपारी मालक दारात हजर. निवृत्तीनंतर कोल्हापूरला राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या खाली दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. वाटलं होतं, कुत्री येतील. कुत्री आलीच, पण मांजरं त्याहून जास्त आली. फ्लॅटमधल्या माणसाला मांजर सोयीचं. त्याला पहाटे फिरवून आणावं लागत नाही.

मांजराची गोष्ट वेगळी. ते दुखणं लपवतं आणि अंगावरचे केस त्याला त्यात मदत करतात. लोक मला सांगायचे, "आम्ही रोज हात फिरवतो, मॅडम, काही असतं तर हाताला लागलं असतं." अहो, लाड करतानाचा हात केसांच्या दिशेने फिरतो. त्या हाताला फक्त केस कळतात. कातडी बघायची तर हात उलटा फिरवायचा, शेपटीकडून डोक्याकडे. आणि ओळ ठरवून घ्यायची, म्हणजे काही सुटत नाही. हनुवटी, नाक, कानांच्या कडा, मान, काखा, पोट, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. काही सापडलं तर ते धान्यात सांगायचं. मोहरीएवढं, ज्वारीएवढं, मुगाएवढं, हरभऱ्याएवढं. "जरा मोठं झालंय" म्हटलं तर मला काडीचं कळत नाही. "मोहरी होती, आता मूग झालाय" म्हटलं की मी खुर्चीतून उठते. फोटो काढायचा तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं. खिडकी तीच, वेळ तीच. नाहीतर सकाळच्या उन्हातला कान आणि ट्यूबलाइटखालचा कान एकाच मांजराचे वाटत नाहीत.

हे धान्याचं गणित ज्याने मनापासून पाळलं तो माणूस म्हणजे कागलचा एक खतांचा दुकानदार. सहा फूट उंच, भरघोस मिशा. एका सकाळी तो बोक्याला टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून, वरून दोरी बांधून घेऊन आला.

"डॉक्टरीणबाई, बोक्याच्या पोटाला गाठी आल्यात. एक न्हाय, आठ हायत."

मी उठलेच. बोक्याला उताणं केलं. पठ्ठ्याने प्रत्येक गाठीभोवती स्केचपेनने गोल काढला होता.

"रांगेत आल्यात बघा की. चार हिकडं, चार तिकडं. तीन दीस झालं मोजतोय, वाढत बी न्हाईत, कमी बी हुईनात."

"पावणं," मी म्हटलं, "ही स्तनं आहेत."

"बोक्याला?"

"तुम्हाला नाहीत का?"

त्याने मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "व्हय की," म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला हा किस्सा सांगून मी ह्यांना पोट धरून हसवलं. पण तो गडी मोजायचा थांबला नाही. दोन वर्षांनी पुन्हा क्रेट घेऊन आला. "डॉक्टरीणबाई, आता हसू नका. नववी आलीया." ती खरी गाठ होती, मोहरीपेक्षा जेमतेम मोठी. काढली. बोका अजून खतांच्या पोत्यांवर झोपतो. ज्याला आपण हसतो तो आपल्यापेक्षा नीट बघत असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उलट कोडोलीचं एक घर. नोकरीच्या वेळची ओळख. सासू, सून, मुलगा, माहेरपणाला आलेली लेक आणि जावई, सगळ्यांच्या अंगावर रुपयाएवढे गोल नायटे. मेडिकलमधून आणलेली एकच ट्यूब सगळ्या घराने महिनोन् महिने चोपडली. नायटे जायचे आणि यायचे. मांजराच्या कानामागे तसंच गोल टक्कल पडलं होतं, पण त्याला औषध कुणी लावलं नाही.

"त्याला कशाला ट्यूब?" सासूबाई म्हणाल्या. "ते रोज अंग चाटून साफ ऱ्हातंय की. आमच्यापरीस सवच्छ हाय."

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी मी त्या बाईंना काय काय बोलले ते आता लिहवत नाही. "डोळे आहेत ते कशाला दिलेत देवाने?" हे त्यातल्या त्यात सौम्य. माझा स्वभाव तसाच होता. लोक बघत नाहीत याचा मला संताप यायचा. मी बघते याचा तोरा होता.

आता महादेवी अक्काबद्दल लिहायचंय आणि मी पुन्हा उठून गॅलरीत जाऊन आलेय.

महादेवी अक्का राजारामपुरीतच राहते, दवाखान्यापासून चार गल्ल्या पुढे. घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करते. मूळची निपाणीकडची. घरात कन्नड बोलते, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी पल्लवी बंगळूरला नोकरीला. जाताना पल्लवीने तिचं मांजर आईपाशी ठेवलं. बत्ताशी. नखशिखांत पांढरी, कान आतून गुलाबी. सकाळी दहा वाजता गच्चीवर टाकीच्या झाकणावर जाऊन पडायची ती ऊन उतरल्यावरच खाली यायची. रोज संध्याकाळी पल्लवीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आईच्या आधी बत्ताशीची विचारपूस व्हायची.

एकदा माघातल्या पहिल्या रविवारी पल्लवी म्हणाली, "आई, बत्ताशीच्या डाव्या कानाची कड लाल दिसतीय."

"गुलाल हाय गं त्यो," अक्का म्हणाली.

जोतिबाचे खेटे आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाहीत, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माघातले पाच रविवार कोल्हापूरची माणसं अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातात. तिथे गुलाल-खोबरं उधळतात आणि परत येतात ती नखापासून केसापर्यंत गुलाबी होऊन. तो गुलाल घरी आल्यावर झटकत नाहीत. अक्काने तीस वर्षांत एक खेटा चुकवला नव्हता. घरी आली की त्याच गुलालाच्या हाताने आधी उंबऱ्याला शिवायची, मग शिलाई मशीनला, मग बत्ताशीच्या डोक्याला. "मशीनला लावला आनि तिला न्हाय लावला, तर बरं दिसंल व्हय?" असं तिचं म्हणणं.

पल्लवीने हट्टच धरला, म्हणून सोमवारी अक्का बत्ताशीला पिशवीत घालून दवाखान्यात आली. "लेकीला तिकडं बसून हिकडचं दिसतंय, डॉक्टरीणबाई. तुमी एकदा बघून सांगा, म्हंजे तिचं तोंड तरी बंद हुईल. मी दुकान बंद करून आलोय." आमच्याकडे बायकाही 'आलोय, गेलतो' असंच बोलतात.

बाहेर बाकावर पाच-सहा जण खोळंबले होते. वरच्या क्लासची सुट्टी झाली होती आणि जिन्यात नुसता धुडगूस. मी बत्ताशीचा कान धरला. कड गुलाबी होती. कापूस ओला केला आणि एकदा पुसलं. कापूस गुलाबी निघाला.

तो मी अक्काला दाखवला. दोघी हसलो. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी तिच्या फोनवरून पल्लवीला स्वतः सांगितलं, "गुलाल आहे, बाळ. त्वचेचं निदान बंगळूरहून होत नसतं." पोरगी "सॉरी मॅडम" म्हणाली.

मी दुसऱ्यांदा पुसलं नाही.

पुढचे चार रविवार अक्का डोंगरावर गेली आणि चारही रविवारी बत्ताशीच्या डोक्यावर ताजा गुलाल आला. कान गुलाबी दिसला की कारण तयारच. डॉक्टरनेच सांगितलेलं. माघ संपला, गुलाल उडाला, पण डावा कान तसाच राहिला. मग त्यावर खपली आली. पडली. पुन्हा त्याच जागी आली. अक्काला वाटलं, गच्चीवर बोक्याने ओरबाडलं असेल. तिने हळद-तेल लावलं. चैत्रात एक दिवस फॉल लावायला आलेल्या कुणाच्या तरी पांढऱ्या साडीवर रक्ताचे थेंब पडले आणि अक्का चप्पलही न घालता मांजर घेऊन धावत आली.

मी कापूस घेतला. या वेळी कापसाला गुलाल लागला नाही, नुसतं वाळलेलं रक्त. मग खपली सुटली आणि कापूस लालभडक झाला. खपली ज्वारीएवढी होती, खालची जखम हरभऱ्याएवढी. कडेचे केस गेले होते, कातडी राठ झाली होती. उजव्या कानाच्या टोकालाही गुलाबी रेघ दिसत होती.

पांढऱ्या मांजराच्या कानाला, नाकाला, पापण्यांना उन्हापासून संरक्षण नसतं. तिथे केस विरळ आणि कातडीत रंग नाही. वर्षानुवर्षं ऊन लागून आधी कड गुलाबी होते, मग कोंडा धरतो, मग खपली येते आणि जाते, आणि एक दिवस तिचा कॅन्सर झालेला असतो. गुलाबी असताना ओळखलं तर दुपारचं ऊन बंद करायचं, दर आठवड्याला बघायचं. एकाच जागी परत परत येणारी खपली ही सगळ्यांत वाईट. हे मी कॉलेजात शिकले होते. दवाखान्यात कितीतरी जणांना सांगितलंही होतं.

त्या संध्याकाळी पल्लवीने मला फोटो पाठवले. रोजच्या व्हिडिओ कॉलमधून ती गुपचूप चित्रं साठवत होती. मी ती तारखेप्रमाणे लावली. सगळ्यांत पहिलं चित्र माघ लागायच्या आधीचं होतं, पौषातलं. घरात गुलालाचा कणही नसतानाचं. त्यातही डाव्या कानाची कड गुलाबी होती.

मग तिचा फोन आला. "मॅडम, मला फक्त एवढं सांगा. तुम्ही तपासलं त्या दिवशी हे होतं का?"

"त्या वेळी नक्की सांगता येण्यासारखं नव्हतं," मी म्हणाले. असं बोलायला मी कधी शिकले कोण जाणे. तिने पुन्हा विचारलं नाही.

अक्काचं त्याहून वाईट. ती दवाखान्याच्या बाकावर उजवा तळहात उघडा ठेवून बसली होती. "ह्याच हातानं झालं. गुलालात आता काय काय घालत्यात, देवालाच म्हाईत. माझ्या गुलालानं तिचा कान खाल्ला ओ."

"अक्का, गुलालाने नाही. उन्हाने झालंय," मी म्हटलं. एकदाच म्हटलं, तेही पुटपुटल्यासारखं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही हे मला दिसत होतं. मी पुन्हा सांगितलं नाही. पुन्हा सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, "मग तवा तुमी काय बघितलंसा?"

ऑपरेशन मीच केलं. डावा कान निम्म्याच्या वर गेला, उजव्याचं टोक गेलं. काढलेले तुकडे तपासायला पाठवले आणि रिपोर्टची वाट बघत बसले. बसले म्हणजे काय, नऊ दिवस माझ्या बुडाखाली खुर्ची टिकली नाही. कुरिअरवाला गल्लीत शिरला की मी दारात. भाजी दोनदा फोडणीला टाकली. ह्यांनी विचारलं, "एका मांजरासाठी एवढं?" मी खेकसले त्यांच्यावर. त्यांना काय माहीत? मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. डाव्या कानात कॅन्सर होता, पण काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या. उजव्यात नुसती सुरुवात. बत्ताशी वाचली. अक्काने माझे पाय धरले. मी ते धरू दिले, हे लिहितानासुद्धा मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

त्यानंतर मी एक पान तयार केलं. झेरॉक्सच्या कागदावर मांजराची दोन रेखाचित्रं, एक डावीकडून, एक उजवीकडून. दर रविवारी मांजर बघायचं, जिथे काही दिसेल तिथे खूण करायची, शेजारी धान्याचं नाव लिहायचं. येईल त्याला मी ते पान द्यायची आणि स्वयंपाकघरात गॅसजवळ टांगायला सांगायची. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'रंग दिसला तर कापूस पांढरा निघेपर्यंत पुसा, मग बघा.' लोक विचारायचे, "हे काय मॅडम?" मी म्हणायची, "असंच."

पुढचा माघ आला. पहाटे अनवाणी माणसं पंचगंगेकडे जाताना दिसायला लागली. मी अक्काला विचारलं, "खेटे?"

"गुडघं दुखत्यात."

त्याच्या पुढचा माघही तसाच गेला. देवाच्या फळीवरची गुलालाची डबी तिने कागदात गुंडाळून आत टाकली होती. एकदा माझ्या साडीला फॉल लावताना मान खाली घालूनच म्हणाली, "ज्या हातानं त्या मुक्या जित्राबाचा कान गेला, त्या हातानं गुलाल कसा उधळू?" साडीचा फॉल ती मला पैसे न घेता लावून द्यायची. तिचं मांजर मी वाचवलं म्हणून. ती साडी मी नेसायची. दिवसभर काठ पायाला टोचत राहायचा आणि मी कामं उरकत राहायची.

माझ्या गुडघ्यांमुळे आणि डोळ्यांमुळे दवाखाना बंद केला तेव्हा वाटलं, आता सुटले. उलटंच झालं. रिकामा वेळ मिळाला आणि बत्ताशीचा कान डोळ्यांसमोरून हलेना. यंदा पौष सरत आला. पुन्हा माघ लागणार, अक्का पुन्हा गुडघ्यांवर ढकलणार. मला घरात बसवेना. एका सकाळी चहा अर्धा टाकून मी निघाले.

अक्का मशीनवर होती. खिडकीला जुन्या साड्यांचे पडदे लावलेले, आत उन्हाचा कवडसाही येऊ नये म्हणून. बत्ताशी मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीत. कान आखूड झाल्यामुळे तिचं डोकं सोललेल्या नारळासारखं गोल दिसतं. मी स्टुलावर बसले आणि पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं.

"अक्का, त्या पहिल्या सोमवारीच तिचा कान खराब होता. गुलालाच्या खाली होता. मी एकदाच पुसलं. कापूस गुलाबी निघाला म्हणून थांबले. पल्लवीचं बरोबर होतं. तिच्याकडे गुलालाच्या आधीचा फोटो आहे, मीही तो बघितलाय. तुझ्या हाताने काही झालेलं नाही. चूक माझी आहे."

मशीन थांबलं.

"पयल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी."

"आनि तुमास्नी कवा कळलं?"

"चैत्रात. रक्त आलं त्याच दिवशी."

मग ती कन्नडमध्ये बोलली. मला कन्नड येत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला पोचला. बोलून दम लागला तेव्हा मराठीवर आली. "दोन वर्सं, डॉक्टरीणबाई. दोन वर्सं मी डोंगराकडं तोंड केलं न्हाय. गच्चीवरनं डोंगूर दिसतोय, म्हणून कपडे वाळत घालताना बी पाठ करून घातलं. रोज त्याची माफी मागत हुतो. आनि तुमी फॉल लावून न्हेत हुतासा!"



अक्का आत गेली. वाटलं, आता हाकलून देणार. ती बाहेर आली ती कापसाचा पुडा आणि पाण्याची वाटी घेऊन. टोपलीतून बत्ताशीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"पुसा."

मी डावा कान पुसला, जेवढा उरलाय तेवढा. अक्काने कापूस माझ्या हातातून घेतला, पडदा सारून उजेडात धरला. पांढरा होता.

"आनि एकदा."

पुसलं. पांढरा.

"आनि एकदा."

मग उजवा कान. मग नाक. मशीनच्या फळीवर पांढरे बोळे ओळीने मांडले गेले. प्रत्येक बोळा ती निरखून बघत होती आणि मी शाळेतल्या मुलीसारखी पुढचा भिजवत होते. शेवटी बत्ताशीचाच धीर सुटला. तिने माझ्या मनगटावर लांब ओरखडा काढला आणि उडी मारून टोपलीत गेली.

"बरं झालं," अक्का म्हणाली.

मग तिने पल्लवीला फोन लावला आणि माझ्यासमोर धरला. "सांगा. मी न्हाय सांगणार." मी सांगितलं, सगळं, पहिल्या सोमवारपासून. पल्लवी ऑफिसात होती. ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग म्हणाली, "मॅडम, आता तिचं नाक दाखवा. नीट, खिडकीत. नाणं ठेवून."

मला तिने माफ केलं की नाही, मी विचारलं नाही.

माघातल्या पहिल्या रविवारी अक्का आली. आमच्या दारात, अनवाणी, केसापासून पायापर्यंत गुलाबी. दोन वर्षांचा गुलाल एकदम लावून घेतल्यासारखी. मी काही बोलायच्या आत माझ्या कपाळाला, दोन्ही गालांना आणि आमच्या चौकटीला तिने गुलाल फासला. "चांगभलं म्हणा," म्हणाली. मी म्हटलं. मागून आमचे हेही म्हणाले. "आता घरी जाऊन आदी कोपरापतोर हात धुतो, मग बत्ताशीला शिवतो," एवढं बोलून ती गेली.

सोमवारी सकाळी मला राहवलं नाही. चार गल्ल्या चालत गेले. बत्ताशीला मांडीवर घेतलं, कापूस भिजवला, नाक पुसलं. कापूस गुलाबी निघाला.

अक्का उठून उभी राहिली. "हात धुतलं हुतं ओ मी! आईशप्पत!"

"बस," मी म्हटलं. कालची साडी खुंटीवर होती आणि पदर टोपलीला लागत होता. रात्रभर बत्ताशी त्यावरच नाक घासत झोपली असणार. पण तसं असेल असं म्हणून थांबायचं नव्हतं. दुसरा कापूस फिक्का निघाला. तिसरा पांढरा. पडदा बाजूला सारला, नाणं ठेवलं, चष्मा पुसून बघितलं. कातडी स्वच्छ होती.

"झालं?" अक्काने विचारलं.

मी चौथा कापूस भिजवला.